राखून ठेवलेली नदी

आमच्या शाळेतले भूगोलाचे सर फळ्यावर नदी काढायचे तेव्हा उगमापासून सुरुवात करत नसत. खाडीच्या तोंडाशी खडू टेकवायचे आणि तिथून उलटे वर वर जात राहायचे. उपनद्या जोडत, वळणं घेत, थेट डोंगरापर्यंत. मुलं म्हणायची, सर, पाणी तर वरून खाली येतं. सर म्हणायचे, "पाणी येतं. आपण वर जायचं असतं."

सगळ्या नद्या ते अशा पोचवायचे. फक्त सूर्या, आमच्या पालघरच्या उशाशी वाहणारी, ती मात्र अर्ध्यावर सोडायचे. खडू खाली ठेवून हात झटकायचे आणि सांगायचे की पुढचं मी पाहिलेलं नाही. एका चौकस मुलीनं एकदा विचारलं, गंगेचं तरी कुठे पाहिलंय तुम्ही? सर जराही न रागावता म्हणाले, "गंगेचं पाहायचं ठरलेलं नाही."

मी साठ सालानंतर थोड्याच वर्षांत पालघरच्या शाळेत गणिताचा शिक्षक म्हणून लागलो. पालघर तेव्हा लहान होतं. स्टेशनबाहेर गवताच्या गासड्यांचे ढीग, भाताची गिरणी, दोन-चार चहाची दुकानं. आता जिथे जिल्ह्याच्या कचेऱ्या उभ्या आहेत त्या कोळगावच्या अंगाला नुसती भातखाचरं होती, आणि त्यांच्या पलीकडे, पूर्वेला, निळे डोंगर. शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून ते डोंगर दिसायचे. त्या खिडकीजवळची खुर्ची सरांची. नवा माणूस म्हणून मी पहिल्या दिवशी नकळत तीत बसलो, तर सर काही न बोलता सबंध मधली सुट्टी माझ्या मागे उभे राहिले. डोंगरच बघत होते.

माणूस उंच, वाळका, मान पुढे काढून चालणारा. लग्न केलं नव्हतं. स्टेशनामागे एका खोलीत भाड्यानं राहायचे. खोलीत खाट होती, पण तिच्यावर वह्या असायच्या. सर जमिनीवर एका घोंगडीवर झोपायचे. ते आजारी असताना मी एकदा त्यांना खाटेवर निजायला सांगितलं, तर म्हणाले की तिथे खाट मिळणार नाही, सवय मोडली तर पंचाईत. सकाळी केलेली भाकरी ते मुद्दाम रात्रीपर्यंत ठेवून गार खायचे. वाहनात बसायचे नाहीत. केळव्याला जायचं तरी पायी, बोईसरला जायचं तरी रुळांच्या कडेनं पायी. नवे बूट घेतले की आधी घरातल्या घरात दगड भरलेली पिशवी पाठीवर टाकून ते चालवून चालवून मऊ करायचे. शेजारची बाई सांगायची, मास्तर खोलीतल्या खोलीत फेऱ्या घालतात, डोकं फिरलंय.

ही सगळी तयारी एका प्रवासाची होती. आणि तो प्रवास पालघरपासून हाकेच्या अंतरावर होता, हीच त्यातली गंमत.

सर तारापूरच्या बाजूचे. गावी त्यांचा एक बालमित्र होता, चिकूची आणि पानवेलीची वाडी असलेला. दोघं एकाच बाकावर शिकले. अकरा-बारा वर्षांचे असताना मित्राच्या वडिलांना घराच्या आढ्यासाठी लाकूड हवं होतं. ते बैलगाडी घेऊन जंगलपट्टीत निघाले आणि या दोघांनाही बरोबर नेलं. सूर्येच्या काठी मुक्काम पडला. वडील लाकूडवाल्याशी बोलत बसले असताना ही दोन पोरं नदीच्या कडेनं वर चालत सुटली. प्रत्येक वळणावर वाटायचं, एवढं वळण बघू आणि परतू. एका ठिकाणी नदी दोन कातळांमधून बाहेर येत होती आणि त्याच्या पलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. तेवढ्यात मागून वडिलांच्या हाका आल्या. फिरताना मित्र सरांना म्हणाला, "पुडची रायलेली आपन दोगंच बगू. दुसऱ्या कोनाला दाखवायची नाय."

एवढंच. पोरवयातलं बोलणं. पण सरांनी ते आयुष्यभर धरून ठेवलं.

म्हणजे कसं धरून ठेवलं, ते सांगतो. एका वर्षी शाळेची सहल जव्हारला निघाली. भूगोलाचे शिक्षक म्हणून सर बरोबर हवेतच, असा मुख्याध्यापकांचा आग्रह. सर नाइलाजानं गाडीत बसले. मनोरला गाडी चहासाठी थांबली तेव्हा ते उतरले आणि परत चढेनात. मला म्हणाले, तुम्ही मुलांना घेऊन जा, मी इथे थांबतो. मुख्याध्यापक संतापले, मुलांनी गलका केला, पण सर चहाच्या दुकानाच्या बाकड्यावर बसले ते बसलेच. आम्ही जव्हारचा राजवाडा बघून, दऱ्या बघून, संध्याकाळी परतलो तेव्हा ते त्याच बाकड्यावर होते. रस्त्याकडे तोंड, डोंगराकडे पाठ.

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारी बसले. मनोर मागे पडलं. मग म्हणाले, "चाळीस मुलांबरोबर ते जंगल पाहून आलो असतो, तर त्याच्याबरोबर काय नवीन पाहायचं राहिलं असतं?"

शिक्षकांच्या खोलीत या प्रकारावर पुष्कळ दिवस चर्चा चालली. आमचे मराठीचे शिक्षक जिभेचे तिखट. ते म्हणाले की त्या वाडीवाल्याला चिकू आणि बाजार यांपलीकडे काही दिसत नाही. तो यांचं नुसतं मन राखतो, आणि हे वेडे घोंगडीवर झोपतात. सर दारातून आत येत होते. त्यांनी ऐकलं. खिडकीजवळ जाऊन बसले आणि वह्या तपासायला लागले. पण त्या दिवशी त्यांनी डोंगराकडे पाहिलं नाही, एवढं माझ्या लक्षात राहिलं.

एका रविवारी सर मलाही तारापूरकडे घेऊन गेले. पालघरहून पायी निघालो. बोईसरला पोचेपर्यंत माझे पाय बोलायला लागले. तिथून पुढे पश्चिमेला समुद्राकडे वळलो. मित्राची वाडी गावाबाहेर, नारळांच्या सावलीत. मित्र दिसायला सरांच्या अगदी उलट. रुंद छाती, गुडघ्यापर्यंत धोतर, मोठा आवाज आणि त्याहून मोठं हसू. "ये मास्तर," म्हणाला, "ह्यांना पन पायी आनलास? बिचाऱ्यांनी काय पाप केला?" मला त्यानं चिकू कापून दिले. प्रत्येक झाडाची चव वेगळी असते म्हणाला, आणि ते मला पटेपर्यंत सोडलं नाही.

निघता निघता सरांनी विषय काढला. ह्या दिवाळीत जाऊ या का?

मित्र हसला. या दिवाळीत धाकट्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं. आदल्या वर्षी विहिरीचं काम होतं. त्याच्या आधी वडील अंथरुणाला होते. "तू रिटायर हो," तो म्हणाला, "मंग बग. मी पन वाडी पोराच्या हवाली करतो. मंग आपल्याला कोन इचारतो?" आणि पुन्हा मोठ्यांदा हसला. सरही हसले. पण परतताना ते माझ्या पुढे चालत राहिले, आणि मराठीच्या शिक्षकांचं बोलणं त्यांच्याही मनात असणार असं मला वाटून गेलं. तो मित्र खरंच जाणार होता की नाही, हे मलाही त्या हसण्यावरून सांगता आलं नसतं.

पुढल्या दोन-तीन वर्षांत तारापूरची कळा बदलली. अणुवीज केंद्राचं काम जोरात सुरू झालं. बोईसरपासून समुद्रापर्यंत रस्ता रुंद झाला, दिवसभर मालट्रक धावू लागले, वाडीतल्या पानांवर धूळ बसू लागली. परप्रांतांतून माणसं आली, बोईसरच्या चहाच्या दुकानांत हिंदी ऐकू यायला लागलं. मित्राचा मुलगाही तिथेच कामाला लागला. याच दिवसांत मित्र वाट चुकायला लागला. चिंचणीच्या बाजाराला गेला तो भलतीकडे निघाला. एकदा कामाच्या फाटकापाशी उभा सापडला, तिथल्या पहारेकऱ्यानं त्याला चहा पाजून, नाव-गाव विचारून घरी पोचवलं. घरची माणसं म्हणाली, रस्ते नवे झालेत, कोणीही चुकेल. सरही मला तेच सांगायचे. रस्ते फार बदललेत हो.

मग सर निवृत्त झाले. निरोपाच्या समारंभात त्यांना शाल दिली तर म्हणाले, ही घोंगडीपेक्षा हलकी आहे, प्रवासाला बरी. लोक हसले. दुसऱ्याच रविवारी ते तारापूरला निघाले, आणि मी बरोबर होतो. वाटेत ते भरभरून बोलत होते. पावसाळा गेला की दिवाळीनंतर निघायचं, पाणी तेव्हा निवळलेलं असतं, वाटा मोकळ्या असतात.

मित्र वाडीच्या दारात उभा होता. आम्हांला पाहून त्यानं डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, "कोन पायजे?"

सर हसले. त्याची थट्टा करायची सवय त्यांना ठाऊक होती. ते तसेच पुढे गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मित्र एक पाऊल मागे सरकला. घाबरला नव्हता, पण परक्या माणसानं अंगाला हात लावल्यावर माणूस जसा सरकतो तसा सरकला. आणि पुन्हा तितक्याच नम्रपणे म्हणाला, "पोरगा कामावर गेलाय. तुमी बसा. पानी पिता काय?"

सरांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला आणि ओट्यावर बसले. जन्मभर ज्याला अरे-तुरे केलं त्याला ते म्हणाले, "हो. द्या थोडं पाणी."

तो आत गेल्यावर मित्राची बायको बाहेर आली. सर तिला वहिनी म्हणायचे. डोक्यावरचा पदर सारखा करत ती जमिनीवरच बसली. तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं: हे वर्षभर चाललंय. शरीर ठणठणीत आहे. बोईसरचा डॉक्टर म्हणतो, याला औषध नाही. जुनं जुनं सांगतो, कालचं आठवत नाही, समोरचं माणूस ओळखत नाही. सरांना मुद्दामच कळवलं नव्हतं. आतापर्यंत रविवारी ते यायचे तेव्हा त्याची बरी वेळ असायची, कसंबसं निभावून जायचं.

"मना रोज सकाली इचारतो, बाई तुमी कोनाच्या?" ती म्हणाली. "मी सांगते, याच घरातली हाय. तुमाला इचारला तर मनाला लावून घेऊ नका, भावजी."

त्या पावसाळ्यात सर आमच्या घरी पुष्कळदा येऊन बसायचे. माझी बायको चहा द्यायची. तो गार होऊन जायचा. मला वाटलं, आता हा विषय संपला. पण पाऊस ओसरल्यावर एका संध्याकाळी ते आले आणि म्हणाले की दिवाळीच्या सुट्टीत मला वेळ आहे का. ते मित्राला घेऊन सूर्येवर जाणार होते.

मी त्यांना समजावलं. माणूस ओळखत नाही, जंगलात हरवला, पडला, तर काय करणार? सर ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "पाय अजून त्याचे चांगले आहेत. आणखी थोडं थांबलो तर तेही राहणार नाहीत. ओळखीचं काय, मी त्याला ओळखतो. तेवढं पुरे."

मित्राच्या मुलानं साफ नकार दिला. त्याचंही बरोबर होतं; बापाला परत शोधत हिंडण्याची पाळी त्याच्यावर दोनदा आली होती. निर्णय वहिनींनी घेतला. त्या मुलाला म्हणाल्या की घरात दार लावून ठेवतो त्यापेक्षा चार दिवस मोकळा हिंडू दे. सरांना म्हणाल्या, तिसरा जाणता माणूस बरोबर हवा. म्हणून मी. निघताना त्यांनी नवऱ्याच्या कनवटीला सुपारी खोचली, सरांकडे वळल्या आणि एवढंच बोलल्या, "न्या. पन परत आना."

बोईसरहून गवत भरायला जाणारा एक रिकामा ट्रक मिळाला. वाहनात न बसणारे सर मित्राचा हात धरून त्याच्या हौद्यात चढले. मित्र खुशीत होता. वाटेतली गावं मोठ्यांदा वाचल्यासारखी सांगत होता, निम्मी चूक, निम्मी बरोबर. हायवेच्या पलीकडे आम्ही उतरलो आणि नदीच्या काठानं चालू लागलो.

सर पहिल्यांदा त्या जंगलात शिरत होते. लहानपणानंतर पहिल्यांदा. मला वाटलं होतं, ते थांबून थांबून सगळं बघतील, मला झाडं दाखवतील. तसं काही झालं नाही. सबंध वेळ ते मित्राकडे बघत होते. सागाची पानं पिवळी पडायला लागली होती, ऐनाच्या काळ्या खोडांमधून नदी चमकत होती, वर कुठेतरी कोणी कुऱ्हाड चालवत होतं त्याचा आवाज उशिरानं ऐकू यायचा. मित्र या सगळ्यातून वाडीत फिरावं तसा चालला होता. धापसुद्धा लागत नव्हती. दगडावर पाय कुठे ठेवायचा हे त्याचे पाय विसरले नव्हते.

रात्री आम्ही एका पाड्यावर राहिलो. चार-पाच कुडाची घरं, अंगणात नाचणीची कणसं वाळत घातलेली. घरधनीण म्हातारी होती. तिनं भाकरी आणि सुक्या मासळीचं कालवण दिलं. सर मित्राला घास मोडून देत होते, काटे काढून. ती बघत होती. तिनं विचारलं, "ह्यो तुमचा भाऊ हाय?" सरांच्या आधी मित्रच बोलला, "नाय नाय. हे कोन सायब हाईत. लई चांगले हाईत."

सकाळी उठल्यावर मित्रानं सरांना विचारलं, "तुमी कोन?" सरांनी आपलं नाव सांगितलं, गाव सांगितलं, बाकाची आठवण सांगितली, वडिलांच्या बैलगाडीची सांगितली. मित्र मान डोलावत होता, एखाद्याचं घराणं ऐकून घ्यावं तसा. पुढच्या मुक्कामी, दुसऱ्या सकाळी त्यानं पुन्हा विचारलं. या वेळी सर म्हणाले, "मी शिक्षक आहे. पालघरला असतो." मित्राचे डोळे उजळले. पालघरला माझा पण एक दोस्त आहे म्हणाला, मास्तरच आहे, तुम्ही ओळखता का?

सर गुडघ्यावर बसून त्याच्या बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. "थोडा ओळखतो," म्हणाले.

त्या दिवशी नदी अरुंद होत गेली. काठ सुटला, धोंड्यांवरून चालावं लागलं. दुपार कलती झाली तेव्हा आम्ही एका ठिकाणी पोचलो. दोन काळे कातळ समोरासमोर, मधून पाणी बाहेर येत होतं, आणि पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाहून मला विचारावं लागलं नाही. लहानपणी हाका आल्या होत्या ती जागा हीच.

कातळाच्या कडेनं वर जायला वाट होती. गुरं पाण्यावर उतरून पडलेली. पाड्यावरच्या म्हातारीनं सांगितलं होतं, वर सपाटी लागते, तिथून पुढे नदीचा नुसता ओहोळ होतो आणि डोंगराच्या पोटात दिसेनासा होतो. संध्याकाळच्या आत आम्ही तिथे पोचलो असतो. सर वाटेला लागले. मी त्यांच्या मागे. मित्र मागे आला नाही.

वळून पाहिलं तर तो एका धोंड्यावर बसला होता. बूट काढून पाय पाण्यात सोडले होते आणि त्या कातळांकडे बघत होता. सर परत उतरले, त्याच्या शेजारी बसले. थकलात का म्हणून विचारलं. तो नाही म्हणाला. मग चला, थोडंच राहिलं आहे, असं सर म्हणाले.

"तुमी जा," मित्र म्हणाला. "मी नाय येत."

का, असं सरांनी विचारलं. मित्र थोडा ओशाळला. एवढ्या चांगल्या माणसाला नाही कसं म्हणावं असा भाव त्याच्या तोंडावर होता.

"राग मानू नका, गुरुजी," तो म्हणाला. "पन ह्याच्या पुडं मना तुमच्याबरोबर जाता येत नाय. ती माझ्या दोस्ताबरोबर बगायची हाय. मास्तर हाय तो. मी त्याला शब्द दिलाय."



"तो दर सालाला इचारतो," मित्र पुढे सांगायला लागला, पाण्याकडे बघत. "मी हसतो. काय करू? बापूस पडला, मंग बयनीची लग्नं, वाडीचा काम. त्याला वाटत असेल, ह्याला काय पडली नाय. पन मी ह्या बाजूला कदी आलो नाय. लाकूड लागला तरी मानूस धाडला, मी नाय आलो. आता तुमच्यासंगं एकट्यानं बगून गेलो, तर त्याला तोंड कसा दाखवू?"

मी दोन पावलांवर उभा होतो. मला तिथून निघून जावंसं वाटलं, पण हलता येईना. सरांनी तोंड फिरवलं होतं. त्यांच्या मानेच्या शिरा मला दिसत होत्या. एकदा त्यांचा हात मित्राच्या खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्या दिवशी वाडीच्या दारात थांबला होता तसाच. त्यांना त्या क्षणी सांगता आलं असतं. अरे, मीच तो. आधी शंभरदा सांगून पाहिलंच होतं. आणखी एकदा सांगून, हाताला धरून, त्या वाटेनं नेता आलं असतं. समोर दहा-वीस पावलांवर ते वळण होतं ज्याच्यासाठी माणूस जन्मभर जमिनीवर झोपला.

शेवटी सर म्हणाले, "खरं आहे तुमचं. ती त्याच्यासाठी ठेवायला हवी."

"ठेवली पायजेल ना?" मित्र म्हणाला. त्याला फार बरं वाटलेलं दिसलं. "तो येल. लई चालतो तो."

"येईल," सर म्हणाले. मग त्यांनी आपल्या पंच्यानं मित्राचे पाय पुसले, बूट घातले, आणि आम्ही तिथून माघारी फिरलो. मी एकदा मागे वळून पाहिलं. सरांनी पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर मित्र त्यांना त्या दोस्ताच्या गोष्टी सांगत होता. शाळेत मार खाल्लेला, समुद्रात बुडता बुडता वाचलेला, एकदा चिकू चोरताना दोघं पकडले गेले आणि त्यानं सगळं आपल्या अंगावर घेतलं ते. काही गोष्टी सरांनाही माहीत नव्हत्या. म्हणजे, त्या घडल्या होत्या त्या माहीत होत्या. पण मित्राच्या मनात त्या कशा राहिल्या होत्या ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. समोरासमोर असं कोण कोणाला सांगतं? सर मध्ये मध्ये विचारत, मग काय झालं? मग तो काय म्हणाला? आणि मित्र खुलून सांगत होता.

तारापूरला पोचलो तेव्हा वहिनी वाडीच्या दारातच होत्या. नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून त्यांनी श्वास सोडला. काय काय बघितलं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "काय नाय. मास्तर आला नाय अजून." वहिनींनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली, पण त्यांच्या चेहऱ्यावर दुःख होतं असं मला म्हणता येणार नाही. वहिनींनाही ते दिसलं असावं. त्यांनी काही न विचारता आम्हांला आत बोलावून पानावर बसवलं.

त्यानंतर सरांनी पालघरची खोली सोडली आणि तारापूरला, वाडीपासून जवळच, जागा घेतली. रोज सकाळी मित्राकडे जायचे. रोज आपली ओळख करून द्यायचे. कधी शिक्षक म्हणून, कधी पोस्टातला माणूस म्हणून, कधी वाटसरू म्हणून. दोघं समुद्राकडे फिरायला जायचे. नंतर नंतर चालणं थांबलं, बोलणंही कमी झालं. दीडएक वर्षानं, भर उन्हाळ्यात, मित्र झोपेतच गेला. मी निरोप मिळाल्यावर गेलो. सुरूच्या बनापलीकडे, समुद्राच्या काठी, सगळं आटोपलं. लांब कामाच्या जागेवर यंत्रांचा आवाज चालू होता.

लोक पांगल्यावर सर आणि मी वाळूत बसलो. पुष्कळ दिवस एक गोष्ट माझ्या मनात होती, ती मी बोललो. सर, तुमची हरकत नसेल तर आपण दोघं जाऊ या एकदा. ते वळण ओलांडून येऊ या. तुमचं आयुष्य त्याच्यावर गेलं.

सरांनी मान हलवली. तो विषय त्यांच्या दृष्टीनं बोलण्यासारखा राहिलाच नव्हता. भरतीचं पाणी चढत होतं.

"शाळेत तुम्ही सगळे म्हणायचात, तो माझं मन राखतोय," ते म्हणाले. "मलाही तेच वाटायचं. वाटायचं, आपण एकटेच वाट बघत बसलोय आणि त्याला आठवतसुद्धा नसेल." पुढे म्हणाले, "त्याला सगळ्याचा विसर पडला, माझाही पडला. तेवढं एक विसरला नाही."

मग ते उठले, अंगावरची वाळू झटकली आणि म्हणाले की वहिनी एकट्या असतील, घरी जायला हवं.